ठेव सांभाळणारी विदुषी

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पाटावर नवी वही ठेवून तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढण्याची रीत मोठ्या पेढीपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत सर्वत्र पाळली जाते. वहीची पूजा म्हणजे हिशेबाची पूजा. लक्ष्मीच्या शेजारी हिशेबाला पाट मांडणाऱ्या समाजाला, द्रव्य कुणाचे आणि त्याचा जाब कुणाला द्यावयाचा, हा प्रश्न खरे तर नवा नसावा. तथापि आम्हां हरदासांच्या पोतडीत दानाची आख्याने जितकी आहेत तितकी हिशेबाची नाहीत. कर्ण, बळी, शिबी, रंतिदेव, हरिश्चंद्र यांपैकी कुणाचेही आख्यान लावावे, श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. देऊन टाकणाऱ्याची कथा रंगते. मिळालेल्याचा जमाखर्च चोख ठेवणाऱ्याची कथा लावू गेल्यास पुढच्या रांगेतली मंडळी पेंगू लागतात. आज या पानावर आम्ही तेच धाडस करीत आहोत; आणि तेही अशा एका विदुषीच्या चरित्राच्या आधारे, जिचे नाव निघताच काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आजही आठ्या पडतील. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या धर्मांतराचे समर्थन करावयास आम्ही बसलेलो नाही, निंदा करावयासही नाही. आम्हांस पाहावयाचे आहे ते त्यांनी अंगीकारलेल्या धर्मातील एक तत्त्व. मराठी ख्रिस्ती लोक त्यास कारभारीपण म्हणतात. मनुष्याजवळ असलेला वेळ, अंगचे गुण, गाठीचा पैसा यांतले काहीही त्याचे नव्हे. तो धनी नसून धन्याचा कारभारी आहे, आणि एक दिवस त्याला हिशेब द्यावयाचा आहे, असे हे तत्त्व. ख्रिस्ताने सांगितलेला एक दृष्टान्त या विषयी प्रसिद्ध आहे. परदेशी निघालेला धनी आपल्या तीन चाकरांच्या हवाली कमीअधिक द्रव्य करतो. दोघे जण व्यापार करून ते दुप्पट करतात. तिसरा भितो, आपला वाटा जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परत येताच जसाच्या तसा त्याच्या पुढे ठेवतो. आपणांस वाटेल, यात वावगे ते काय झाले? परंतु धनी रागावतो तो या तिसऱ्यावरच.

आमच्या धर्मशास्त्रात मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ऋणाच्या खालोखाल निक्षेप, म्हणजे ठेव, हे पद येते. ठेव घेणाऱ्याने ती जशीच्या तशी परत करावी. स्वतःच्या मर्जीने तिच्यावर उपजीविका केल्यास याज्ञवल्क्य त्याला दंड सांगतो आणि ठेव व्याजासह परत करावयास लावतो. या न्यायाने तिसरा चाकर निर्दोष ठरता. ख्रिस्ताच्या दृष्टान्ताचा निवाडा याहून निराळा आहे, त्याला नुसती राखण पुरत नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. आमच्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण शास्त्रात नसून रामायणात आहे. नंदिग्रामी पादुका ठेवून भरताने चौदा वर्षे राज्य चालविले आणि श्रीराम परतले तेव्हा कोश, कोठारे, नगर आणि सैन्य दसपट झालेले त्यांच्या स्वाधीन केले, असे वाल्मीकी सांगतात. दिवाळीत रामाच्या आगमनाची कथा आपण सांगतो, भरताचा हा जमाखर्च मात्र बहुधा गाळतो.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यात, तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांच्या उगमापाशी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात राणी संस्कृत शिकते हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि आपल्या पत्नीसही शिकवावयाचे मनावर घेतले. त्याबद्दल उडुपीस पंडितांच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला, आणि स्त्रीस संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही हे त्यांनी तेथे शास्त्राधारेच मांडले. गंगामुळी त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी यांची पंगत कधी मोडली नाही, आणि या आतिथ्यापायी शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. जमीनजुमला गेला. सहा महिन्यांच्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर देऊन, हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते पुन्हा घरी परतले नाही.

क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगावे, श्रोते जे वाहतील त्यावर निर्वाह करावा आणि उरेल ते ब्राह्मणांस व देवास देऊन टाकावे, असा क्रम होता. मुलीस शिकविण्याचे काम आई लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर संसाराची कामे, म्हणून पहाटे पाखरे जागी होण्याच्या वेळी त्या झोपाळलेल्या मुलीला कुरवाळून उठवीत आणि पाठ घेत. वह्या नाहीत, पाट्या नाहीत. भागवत, कोश, व्याकरण सारे काही मुखोद्गत. ज्या वेळेवर कुणाचाही दावा नव्हता ती वेळ आईने मुलीच्या नावे जमा केली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. पुराण ऐकणारेच उपाशी, मग ओटीत तांदूळ कोण घालणार? दागिने विकले, तांब्यापितळेची भांडी विकली, शेवटचे नाणे खर्ची पडले. ही विद्वान मंडळी मोलमजुरी करू जाणत नव्हती, आणि तसे करणे कुळाला कमीपणा आणणारे वाटत होते. तिरुपतीच्या अरण्यात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी पुढे लिहिले आहे. १८७४ साली काही आठवड्यांच्या अंतराने प्रथम वडील आणि मग आई गेली. पुढल्या वर्षी थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. उरले श्रीनिवास आणि रमा. या भावंडांनी हजारो मैल पायपीट केली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत रात्री काढल्या.

आम्ही या प्रसंगापाशी मुद्दाम रेंगाळलो आहोत. अनंतशास्त्र्यांच्या औदार्यास आम्ही नमस्कार करतो. परंतु त्यांचे द्रव्य त्यांच्या मते त्यांचे होते, म्हणून ते देऊन मोकळे होत. उद्या लेकरांच्या मुखात काय पडेल हा प्रश्न दानाच्या पुण्याईवर सोपविला होता. मुलीने हे सारे पाहिले. पुढल्या आयुष्यात लाखो रुपये त्यांच्या हातून गेले. पण बापासारखे ओंजळीने उधळणे नाही, आणि दुष्काळात सापडलेला विद्यावंत पोटापुरते काम करू शकत नाही ही लाज त्यांनी एकाही मुलीच्या वाट्यास येऊ दिली नाही.

मधली वर्षे भराभर सांगतो. १८७८ साली कलकत्त्यास तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून जहाजाचे भाडे उभे करून १८८३ साली इंग्लंडला गेल्या. हेतू वैद्यक शिकण्याचा होता. तेथे वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

वैद्यकाचा बेत मात्र साधला नाही, कारण कानांनी ऐकू येईनासे होऊ लागले. रोग्याच्या छातीचे ठोके ज्याला ऐकू येत नाहीत त्याने वैद्य कसे व्हावे? दुसरे कुणी देवाने देणगी काढून घेतली म्हणून बसून राहिले असते. रमाबाईंनी शिल्लक काय आहे ते पाहिले. स्मरणशक्ती होती, भाषा होत्या, शिकविण्याची हातोटी होती. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्रे शिकल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास म्हणून १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथे बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. आपल्याकडील विधवांची स्थिती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले व वर्षभरात त्याच्या हजारो प्रती खपल्या.

त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिची रचना आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी अभ्यासावी अशी आहे. एखाद्या धनवंताने थैली रिकामी केली नाही. गावोगाव मंडळे निघाली आणि सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. तिकडच्या मास्तरणी, गृहिणी, पाद्री यांचा घामाचा पैसा तो. मुदत ठरलेली, कार्य ठरलेले, आणि अटही ठरलेली. उच्चवर्णीय विधवांसाठी काढावयाच्या या शाळेत कुणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, जातीचे आचार ज्याला पाळावयाचे त्याने पाळावे, अशी ती अट होती. दरवर्षी कामाचा वृत्तान्त बोस्टनला जावयाचा होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी झाल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. आणि तेथे, १८९३ साली, कारभारीपणाची खरी कसोटी लागली.

रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार लावीत नसत. आईपेक्षा जास्त माया लावणाऱ्या या बाईंच्या मागे मुली येऊन बसत. काहींच्या मनात ख्रिस्ती होण्याचे आले. पुण्यात गिल्ला झाला, केसरीने झोड उठविली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कुणाला बोलाविले नाही, आणि आपल्या खोलीत आपला धर्म पाळण्याची मुभा आपणांस आहे. बोस्टनची मंडळी त्यांच्या पाठीशी राहिली.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. पैशाच्या बाबतीत त्यांच्यावर बोट ठेवावयास जागा नव्हती. परंतु त्या सदनात डॉलरांची ठेव होती तशीच मुलींचीही ठेव होती, आणि पालकांनी ती एका अटीच्या भरवशावर ठेवली होती. बारा वर्षांची पोर जिच्यावर जीव टाकते तिच्या मागे कोठेही जाते. तिच्यापुढे उघडे असलेले दार हे आमंत्रणच होय. पालकांची तक्रार निराधार होती असे आम्हांस म्हणवत नाही. मात्र दुसऱ्या पारड्यातही काही टाकले पाहिजे. ज्या घरांनी या पोरींचे केशवपन केले, त्यांना अपशकुनी म्हणून माजघराच्या अंधारात ढकलले, त्यांना या ठेवीची आठवण एकाएकी कोठून झाली? निक्षेप त्याच्या धन्यास परत करावा, असे शास्त्र सांगते. विधवेच्या जिवाची धनीण सासू की बाप की ती स्वतः, हे मात्र त्या वेळी एकाही सभेत कुणी विचारले नाही.

या वादातून रमाबाई काय शिकल्या, ते त्यांच्या पुढील वागणुकीत दिसते. पुण्याहून सुमारे चौतीस मैलांवर, दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी शंभर एकरांच्या आसपास माळरान घेतले. अमेरिकेतील मदतीची दहा वर्षे संपल्यावर मुलींनी कुणाच्या तोंडाकडे पाहू नये म्हणून तेथे विहिरी खणून आंबे, संत्री, लिंबे लावावयाची आणि फळांच्या उत्पन्नावर सदन चालवावयाचे, असा विचार होता. पैसा असताना पैसा संपेल त्या दिवसाची तजवीज! दृष्टान्तातल्या तिसऱ्या चाकरानेही जमीन खणली होती. पण त्याने तीत द्रव्य पुरले, यांनी कलमे लावली.

झाडे पुरती वाढण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसे मरू लागली. रमाबाईंना तिरुपतीचे अरण्य आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सापळे झालेल्या, रस्त्यावर पडलेल्या, कुणाच्या तरी जाळ्यात सापडू पाहणाऱ्या सुमारे तीनशे मुलीबायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते, म्हणून सारी केडगावच्या माळावर, झोपड्यांत. आता खर्च कुठून करावयाचा? असोसिएशनचे वचन शारदासदनापुरते होते. त्यातला पैसा या भुकेल्या पोरींकडे वळविला असता तर कुणी दोष दिला असता असे वाटत नाही. पण रमाबाईंनी या कामाचा खर्च निराळा मानला.

येथे त्यांस आधार झाला तो एका दुसऱ्या कारभाऱ्याच्या चरित्राचा. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर नावाचा जर्मनीत जन्मलेला भक्त होऊन गेला. १८०५ ते १८९८ असे दीर्घ आयुष्य त्यास लाभले. त्याने दहा हजारांवर अनाथ मुले सांभाळली. कुणा मनुष्याजवळ पैसा मागावयाचा नाही, कर्ज काढावयाचे नाही, देवाजवळ मागावयाचे. आणि जे येईल त्याची पैन् पै दरवर्षी छापून प्रसिद्ध करावयाची, असा त्याचा नेम होता. केवळ श्रद्धा असती तर आमच्या श्रोत्यांस नवल वाटले नसते. श्रद्धेच्या जोडीस छापील हिशेब, ही त्या पुरुषाची खूण. रमाबाईंनी त्याचे वृत्त वाचले होते, आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा संसार याच वाटेने मांडला.

१८९८ साली असोसिएशनची दहा वर्षे भरली तेव्हा त्या स्वतः अमेरिकेस गेल्या व कामाचा वृत्तान्त देणाऱ्यांपुढे ठेवला. जुनी संस्था मुदत संपल्यावर विसर्जित झाली, नवी स्थापन झाली. यापुढे आपली संस्था ख्रिस्ती आहे हे त्यांनी लपविले नाही. येथे मुलगी ठेवणारास आपण काय करीत आहोत हे कळत होते. १८९३ सालच्या वादानंतर हा उघडेपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तर मुक्तीत दोन हजारांच्या घरात माणसे झाली. उच्चवर्णीय विधवांपुरते निघालेले काम आता कोणत्याही जातीच्या स्त्रीस उघडे झाले होते.

या दोन हजारांना नुसते जेवू घालावयाचे नव्हते. माग होते, तेलाची घाणी होती, दूधदुभते, शेती, शिवणकाम, रंगकाम, धोबीकाम, भटारखाना, छापखाना होता. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली जाई आणि विणकामात त्यांचे हात चालत. संस्कृत पंडितेच्या घरची ही व्यवस्था! कुळाच्या अभिमानापायी कुदळ हाती न धरता आलेल्या घराण्यातील एका मुलीने हजारो मुलींच्या हाती काम दिले. त्या स्वतः जाडेभरडे पांढरे लुगडे नेसत आणि अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

अंगच्या गुणांचा शेवटचा हिशेब अजून व्हावयाचा होता. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील बाईस समजत नाही, असे रमाबाईंस वाटे. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून ते सबंध पुस्तक मुळातून मराठीत आणावयास घेतले. कान गेलेले, प्रकृती खालावलेली, दोन हजारांचा व्याप भोवती. त्यातून वेळ काढून वर्षानुवर्षे हे काम चालले. आम्ही जन्मभर संस्कृतावर पोसलो आहोत, म्हणून यातील एक गोष्ट आम्हांस चटका लावून जाते. कलकत्त्याच्या पंडितांना जिच्या संस्कृताने थक्क केले, तिने हे भाषांतर करताना आपले संस्कृत बाजूस ठेवले, आणि चूल फुंकणारीस कळेल अशी साधी बोली निवडली. मिळालेली विद्या मिरवावयास नव्हे, तर लागेल तेवढीच वापरावयास आपल्याकडे आहे, असे मानणारे पंडित आमच्या पाहण्यात फार थोडे आले आहेत.

खिळे जुळविण्याचे आणि छापण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. ज्या कधी काळी दुष्काळात रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या, त्यांतील कित्येकींची बोटे आता अक्षरे जुळवीत होती.

ज्या लेकीच्या हाती किल्ल्या द्यावयाच्या ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबविले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली त्याच रात्री त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. तो दिवस ५ एप्रिल १९२२ चा. ग्रंथ १९२४ साली त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडला.